पर्यावरण कायद्यात एलएल.एम. करावे का, आणि करायचे तर कोणत्या तयारीने?

खाडीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षात आहे. त्याआधी वाणिज्य शाखेची पदवी घेतली असून बारावीपर्यंतचे शिक्षण रायगड जिल्ह्यातील आमच्या खाडीकाठच्या गावी मराठी माध्यमातून झाले. आजोबा आणि वडील दोघेही खाडीत मासेमारी करणारे. माझ्या लहानपणी आई आणि काकू ओहोटीला खडपांवर कालवे काढायला जात आणि एका सकाळी टोपली भरत असे. आता त्याच जागी अर्धा दिवस मोडला तरी एका वेळच्या कालवणाची सोय होत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एका प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. ग्रामपंचायतीत अहवालाचा मराठी सारांश ठेवला होता, तो मी वाचला. त्यात मासेमारीविषयी एकच वाक्य होते : 'प्रस्तावित क्षेत्रात लक्षणीय स्वरूपाची मासेमारी आढळून आली नाही.' मूळ अहवाल इंग्रजीत आणि कित्येक शे पानांचा होता. हे वाक्य कोणत्या पाहणीवरून लिहिले गेले, ती पाहणी कोणत्या महिन्यात झाली, हे त्या पानांत शोधणे मला जमले नाही आणि सुनावणीत मी बोलायला उभी राहिले नाही. कायद्याची विद्यार्थिनी असूनही बोलता आले नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनात आहे, आणि याच विषयात पुढे शिकायचे असे त्यामुळे ठरवले आहे.

माझ्या शंका अशा आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठातील एक वर्षाचे एलएल.एम. घ्यावे की पारंपरिक विद्यापीठातील दोन वर्षांचे? विज्ञानाची पार्श्वभूमी नसताना हा विषय पेलेल का? मराठी माध्यमाची अडचण कितपत येते? आणि शेवटी, या पदवीच्या आधारे पोट भरेल असे काम मिळते का? घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे शेवटचा प्रश्न मला टाळता येत नाही.

ताम्हण यांचे उत्तर

मी गेली काही वर्षे पर्यावरणविषयक वाद चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठापुढे वकील म्हणून काम करतो. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा यांची प्रकरणे तेथे चालतात. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याबाबत नवीन मुलांना बहुधा खरे सांगितले जात नाही. न्यायाधिकरणापुढे उभे राहण्यासाठी एलएल.एम. लागत नाही, सनद पुरते. पक्षकार तुमची पदवी पाहून येत नाहीत, मागचे प्रकरण तुम्ही कसे चालवले ते पाहून येतात. मच्छीमार, शेतकरी किंवा गृहनिर्माण संस्था यांच्या बाजूने काम करायचे असेल, तर पहिली चार-पाच वर्षे दिवाणी आणि महसुली कामांच्या जोडीनेच हा विषय करावा लागतो. उद्योगांना संमतीपत्रे आणि अटींचे पालन याविषयी सल्ला देणाऱ्या कामात पैसा लवकर येतो. तोही प्रामाणिकपणे करता येतो आणि त्यात कायद्याची दुसरी बाजू समजते.

पदवी घेऊ नका असे मात्र मी म्हणणार नाही. ती घ्यायचीच असेल तर या कायद्यात नेमके काय शिकायचे असते, ते आधी समजून घ्या. अभ्यासक्रमात राज्यघटनेतील कलम २१, कलम ४८अ आणि कलम ५१अ(छ), ऑलियम वायुगळतीच्या प्रकरणात १९८६ साली मांडलेले निरपवाद दायित्वाचे (धोकादायक उद्योगाने चूक नसली तरी हानीची जबाबदारी घेण्याचे) तत्त्व आणि १९९६ च्या वेल्लोर निकालातील 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व असतेच. ते पाठ करणे अवघड नाही. माझ्या अनुभवात प्रकरणे या तत्त्वांवर हरली जात नाहीत. ती मुदतीवर, नमुन्यावर आणि इतिवृत्तावर हरली जातात.

नमुन्याचेच उदाहरण घ्या. जल कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा असेल, तर तो घेताना तेथल्या तेथे भोगवटादाराला नोटीस द्यावी लागते. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून ते वेगवेगळ्या बाटल्यांत भरावे लागतात, त्यांवर खूण आणि मोहोर करून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. त्यात चूक झाली तर प्रयोगशाळेचा आकडा कितीही भयंकर असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो ग्राह्य पुरावा नसतो. एका प्रकरणात आमच्या पक्षकारांनी नाल्याचे काळे पाणी मोठ्या तळमळीने मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून आणले होते. ती बाटली आजही माझ्या कपाटात आहे. तिचा पुरावा म्हणून काडीचाही उपयोग झाला नाही. गावकऱ्यांनी अशा वेळी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला लेखी तक्रार देऊन बोलावून घ्यावे, जागेचा पंचनामा होईल असे पाहावे आणि तारखेसह छायाचित्रे ठेवावीत, हे त्यांना आधी सांगणारा माणूस हवा असतो.

जनसुनावणीचेही तसेच आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात सुनावणीची पद्धत दिलेली आहे. सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, सुनावणीच्या शेवटी लोकांनी मांडलेल्या म्हणण्याचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि इतिवृत्तावर त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही व्हावी लागते. मी पाहिलेल्या एका सुनावणीत दुपारी चारपर्यंत मंडप भरलेला होता. सारांश वाचायला सहा वाजले, तोवर लोक शेवटची एसटी गाठायला निघून गेले होते. सुमारे तीनशे रिकाम्या खुर्च्यांपुढे इतिवृत्त वाचले गेले आणि मासेमारीविषयीच्या अकरा हरकती त्यात 'रोजगाराबाबत शंका' या एका ओळीत मावल्या. त्या वेळी तेथे थांबून, हात वर करून 'हे असे बोलले गेलेले नाही' असे म्हणणारी एक व्यक्ती असती, तर पुढचे अपील वेगळ्या पायावर उभे राहिले असते. तुम्ही त्या दिवशी बोलू शकला नाहीत याची खंत बाळगू नका, पण पुढच्या सुनावणीत शेवटपर्यंत थांबा.

तुमच्या जिल्ह्यातील एक निकाल मुळातून वाचा. उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांनी बंदर-प्रकल्पामुळे झालेल्या हानीबद्दल केलेल्या अर्जावर पुणे पीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रामदास जनार्दन कोळी यांच्या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. खाडीतील मासेमारी ही उपजीविका आहे, तिची हानी मोजता येते आणि ती हानी करणाऱ्याकडून वसूल करता येते, हे त्यात दिसते. तुम्ही वाचलेल्या त्या एका वाक्याचे उत्तर शोधायला येथून सुरुवात करता येईल.

पाटीपुस्तक यांचे उत्तर

मी विधी महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गांना शिकवते. ताम्हण यांचे कामकाजाविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु एलएल.एम. ही केवळ वकिलीला न लागणारी पदवी आहे असा समज त्यातून होऊ नये. प्राध्यापकीसाठी ती आणि नेट किंवा सेट अनिवार्यच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादा प्रश्न वर्षभर हाती धरून शेवटपर्यंत नेण्याची सवड वकिलीत सहसा मिळत नाही, ती येथे मिळते.

एक वर्षाचा अभ्यासक्रम २०१३ पासून आपल्याकडे रुळला. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेश क्लॅटच्या पदव्युत्तर परीक्षेतून होतो. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. एका वर्षात अभ्यास वेगाने होतो आणि ग्रंथालय व संगणकीय संदर्भसाठे उत्तम मिळतात, पण प्रबंधाला हाती पडतात ते जेमतेम चार-पाच महिने. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शुल्क पुष्कळ कमी असते आणि गावी जाऊन प्रत्यक्ष पाहणी करायला वेळ मिळतो. उणीव अशी की मार्गदर्शक चांगला नसेल तर दुसरे वर्ष वाया जाते. तुमची आर्थिक स्थिती आणि तुमचा विषय पाहता मी दोन वर्षांच्या बाजूने कौल देईन, मात्र एका अटीवर. प्रवेश घेण्यापूर्वी तेथे पर्यावरण कायदा कोण शिकवते, त्यांनी गेल्या पाच वर्षांत काय लिहिले आहे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध कशावर आहेत, हे स्वतः जाऊन पाहा. प्रबंधांची नुसती शीर्षके वाचली तरी पुष्कळ कळते. 'भारतातील पर्यावरण कायदा : एक चिकित्सक अभ्यास' अशा धर्तीची शीर्षके एकामागून एक दिसली, तर तेथून निघा.

विषय लहान आणि खोल घ्यावा. नागपूरकडील माझ्या एका विद्यार्थ्याने झुडपी जंगलाचा प्रश्न घेतला होता. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदींमध्ये 'झुडपी जंगल' म्हणून हजारो हेक्टर जमीन लिहिलेली आहे. ती वन आहे की नाही, हा वाद अनेक दशके चालला. त्याचे मूळ दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे गोदावर्मन प्रकरणातील १२ डिसेंबर १९९६ चा आदेश, ज्याने 'वन' या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला. आणि दुसरे म्हणजे गावच्या दप्तरातील निस्तार पत्रक, ज्यात कोणती जमीन चराईची आणि कोणती सरपणाची, हे गावाच्या सोयीने लिहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचे ठरवले आणि पूर्वी झालेल्या वाटपांचे काय करायचे याची वेगळी व्यवस्था घालून दिली. तो निकाल इंग्रजीत आहे, पण त्यामागचा प्रत्येक कागद मराठीत आहे. मराठी माध्यमाची तुम्हाला वाटणारी अडचण येथे नेमकी उलटी होते. तलाठ्याचे दप्तर, गाव नमुने, ग्रामसभेचे ठराव आणि सुनावणीतील हरकती सहज वाचणारे विद्यार्थी आम्हाला हवे असतात आणि ते फार थोडे मिळतात.

इंग्रजीची तयारी अर्थात करावीच लागेल, आणि ती निकाल पूर्ण वाचूनच होते. सारांश, टिपणे आणि वर्तमानपत्रातील बातम्या यांवर या विषयात विसंबून राहणे धोक्याचे आहे. वनशक्ती या संस्थेच्या प्रकरणात १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, काम सुरू झाल्यानंतर मागाहून पर्यावरण मंजुरी देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. ज्यांनी फक्त मे महिन्यातील मथळे वाचले, त्यांची टिपणे सहा महिन्यांत निकामी झाली. ज्यांनी मे महिन्याचा निकाल, नोव्हेंबरमधील बहुमत आणि भिन्नमत अशी तिन्ही मते वाचली, त्यांना या कायद्यातील खरा ताण कळला. उभी राहिलेली इमारत पाडायची की दंड घेऊन ठेवायची, हा प्रश्न वर्गात दोन तास चालला तरी संपत नाही. मे महिन्याचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक हे मुंबई उच्च न्यायालयात असताना कांदळवनांविषयीचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल देणाऱ्या खंडपीठावर होते. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे त्यात म्हटले आहे. खाडीकाठी वाढलेल्या विद्यार्थिनीने हे दोन्ही निकाल एकापुढे एक ठेवून वाचावेत असे मला मनापासून वाटते.

परदेशातील अभ्यासक्रमांविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. हवामान बदलाचा आंतरराष्ट्रीय कायदा शिकायचा असेल तरच बाहेर जाण्यात अर्थ आहे. जल कायदा आणि किनारा नियमन शिकायला जागा आपलीच.

गाळणी यांचे उत्तर

मी वकील नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर काही वर्षे पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल तयार करणाऱ्या एका सल्लागार संस्थेत काम केले आणि त्यातील काही गोष्टी न पटल्याने ते सोडले. विज्ञानाची पार्श्वभूमी नसण्याच्या तुमच्या शंकेला मी उत्तर देतो.

तुम्हाला रसायनशास्त्र शिकण्याची गरज नाही, अहवाल वाचायला शिकण्याची आहे. पाचशे पानांचा अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. प्रथम मंजुरी देणाऱ्या समितीने ठरवून दिलेल्या अभ्यासकक्षा, म्हणजे अहवालात कशाकशाचा अभ्यास करायचा याची यादी, काढा आणि त्यांतील प्रत्येक मुद्द्यासमोर अहवालातील पान क्रमांक लिहा. ज्या मुद्द्यासमोर पान सापडत नाही, तेथे तुमची पहिली हरकत तयार झाली. त्यानंतर मूळ स्थितीच्या नोंदींचे प्रकरण काढून नमुने कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या ठिकाणी घेतले ते नकाशावर पाहा. ही पाहणी बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच ऋतूत, तीन महिन्यांत केलेली असते. तुमच्या खाडीत मासा कोणत्या महिन्यांत येतो, जिताडा कधी मिळतो, कालवे कोणत्या भरती-ओहोटीला काढतात, हे तुमच्या आईला आणि काकूंना त्या पाहणी करणाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक आहे. मार्च ते मे या काळात दिवसा, भरतीच्या वेळी दोन फेऱ्या मारल्या, तर 'लक्षणीय मासेमारी आढळून आली नाही' हे वाक्य अगदी खरेपणाने लिहिता येते. म्हणून वाक्य खोटे आहे असे म्हणत बसण्याऐवजी पाहणीची वेळ अपुरी आहे असे दाखवा.

आकड्यांचेही फार भय बाळगू नका. बीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात त्याचे माप, आणि सीओडी म्हणजे तेच काम रसायनाने केल्यास लागणाऱ्या प्राणवायूचे माप. सीओडी खूप जास्त आणि बीओडी त्या मानाने अगदी कमी असेल, तर पाण्यात सहज न कुजणारे, बहुधा औद्योगिक द्रव्य आहे असा संशय घ्यायला जागा असते. एवढे समजले की तज्ज्ञाला काय विचारायचे ते कळते, आणि वकिलाचे काम प्रश्न विचारण्याचे आहे. एलएल.एम.च्या काळात पर्यावरणशास्त्राच्या विभागातील एखादा मित्र किंवा मैत्रीण जोडा आणि महिन्याला एक अहवाल दोघांनी मिळून वाचा.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार जाणवलेली आहे. मराठी सारांश बहुतेक वेळा घाईघाईने भाषांतर करून लावलेला असतो. मूळ इंग्रजी अहवालात 'हंगामी मासेमारी होते' असे असताना सारांशात 'होत नाही' असे छापलेले मी स्वतः पाहिले आहे. दोन्ही भाषांतील मजकूर ओळीला ओळ लावून तपासणारे कोणीही नव्हते. ते काम तुम्ही करू शकता, आणि पदवी मिळण्याची वाट न पाहता करू शकता.

खाडीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. पाटीपुस्तक मॅडम, मी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विचार पक्का करत आहे, आणि प्रबंधासाठी खाडीतील मासेमारीच्या हानीचे मोजमाप हाच विषय धरावा असे वाटते आहे. गाळणी सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री अभ्यासकक्षा आणि अहवाल शेजारी ठेवून बसले. मत्स्यव्यवसायावरील परिणामाचा मुद्दा अभ्यासकक्षांत स्पष्ट लिहिलेला आहे आणि अहवालात त्याला केवळ पाऊण पान दिले आहे.

ताम्हण सर, एक नवीन शंका आहे. त्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाल्याचे आम्हाला गेल्या महिन्यात तोंडी कळले. अपील करायचे झाल्यास मुदत आम्हाला कळले त्या दिवसापासून धरायची का?

ताम्हण

नाही, तसे धरून चालू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १६ खाली अपिलाची मुदत मंजुरी कळवली गेल्यापासून ३० दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी कमाल ६० दिवस मिळू शकतात. ९० दिवस उलटल्यावर न्यायाधिकरणाच्याही हाती काही राहत नाही. 'कळवणे' म्हणजे तुमच्या कानावर येणे नव्हे. मंजुरी मंत्रालयाच्या किंवा राज्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकली जाते, प्रकल्पधारकाने ती स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करावयाची असते आणि तिची प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावयाची असते. गुजरातमधील तल्ली ग्रामपंचायतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे की, यांपैकी जे सर्वांत आधी घडले त्या दिवसापासून मुदत मोजायची.

तेव्हा आज तीन गोष्टी करा. पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर मंजुरीपत्र शोधून त्यावरील आणि ते संकेतस्थळावर चढवल्याची तारीख लिहून घ्या. ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत प्रत आल्याची नोंद आहे का ते पाहून त्या पानाची प्रमाणित प्रत मागा. आणि त्या सुमारास जिल्ह्यातील वर्तमानपत्रांत आलेली जाहिरात मिळते का ते तालुक्याच्या वाचनालयात पाहा. तिन्ही तारखा मला खासगी संदेशातून कळवा. दिवस शिल्लक असतील तर अपिलाचा मसुदा आपण याच आठवड्यात करू, आणि ते पाऊण पान त्यातील पहिला मुद्दा असेल.